बेंडखळ्यांची सायकलरांग

शांताराम बेंडखळे हवाई दलातून निवृत्त झाले तेव्हा रत्नागिरीला परत न जाता चंडीगडलाच राहिले. कारण कोणी विचारले तर ते सांगत, "इथे सायकलीला स्वतःची वाट आहे." ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटे, पण ते मनापासून बोलत. आयुष्यभर विमानांच्या सांगाड्यांचे स्क्रू तपासलेला हा माणूस अपघाताला दैव मानत नसे. अपघात म्हणजे कोणीतरी न केलेले काम, अशी त्यांची व्याख्या होती आणि ती ते समोरच्याला आवडो न आवडो, ऐकवत.

वाट होती हे खरे. हे शहर आखणाऱ्यांनी मोठ्या रस्त्यांच्या कडेने, झाडांच्या ओळीपलीकडून सायकलींसाठी वेगळी पट्टी काढून ठेवली होती. तिच्यावर दिवे लावणे मात्र पुढच्यांवर सोपवले, पुढच्यांनी ते त्यांच्या पुढच्यांवर. पावसाळ्यात मुळे वर येत, उन्हाळ्यात टपऱ्या वाढत, आणि जिथे ही पट्टी चौकाला मिळे तिथे ती एखाद्या सरकारी आश्वासनासारखी अचानक संपे. बेंडखळ्यांनी याबद्दल निरनिराळ्या कार्यालयांत खेटे घातले. एका साहेबाने त्यांना चहा पाजून विचारले होते, "बेंडखळेजी, आप स्कूटर क्यों नहीं ले लेते?"

त्यांनी स्कूटर घेतली नाही. त्यांनी रांग तयार केली.

महाराष्ट्र मंडळातली आठदहा माणसे दर रविवारी सकाळी तीस सेक्टरमधल्या त्यांच्या सरकारी क्वार्टरापुढे जमत आणि तलावापर्यंत जाऊन येत. निवृत्तीनंतर ते एका प्रयोगशाळेत भांडारपाल झाले होते आणि भांडारातली शिस्त त्यांनी रस्त्यावर आणली होती. रांग एकेरी. दोन सायकलींत एका सायकलीचे अंतर. खड्डा दिसला की पुढच्याने हात खाली करून दाखवायचा, मागच्याने तसाच हात त्याच्या मागच्याला दाखवायचा, असा तो हात शेवटपर्यंत पोचला पाहिजे. चौकात कोणी एकट्याने पुढे काढायचे नाही. गेलो तर सगळे, थांबलो तर सगळे. मोहन ओगले नावाचे एक बँक अधिकारी रांगेत होते. ते म्हणत, "काका, आपण फिरायला चाललोय की संचलनाला?"

"संचलनात पाय मोडत नाहीत, ओगले. फिरायला गेलेल्यांचे मोडतात."

मेजर रणनवरे यांची पत्नी वीणा चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतून खास यायची, सायकल जीपमध्ये टाकून. ती हसून म्हणायची, "आमच्या साहेबांची पलटण इतकी सरळ चालत नाही!"

पंजाबातल्या दहशतवादाचे ते दिवस असे होते की सकाळचे वर्तमानपत्र उघडण्याआधी माणसे पहिल्या पानावरचा मृतांचा आकडा हाताने झाकून घेत. बसमधून उतरवून माणसे मारली जात होती. बेवारस ट्रान्झिस्टर, बेवारस डबा, बेवारस सायकल यांना हात लावू नका असे फलक बाजारात लागले होते. अधूनमधून स्कूटरवर मागे बसायला बंदी येई, मग तीच माणसे सायकलीवर येत आणि रस्त्यांवर सायकली वाढत. मोहालीच्या हद्दीवर, पंचकुल्याच्या हद्दीवर, कधी भलत्याच एका चौकात वाळूची पोती आणि डांबराची पिंपे मांडून नाके उभे राहात. नाक्यावरची पोरे बिहारची, केरळची, गढवालची. त्यांना या शहरातले काही ठाऊक नसे. संध्याकाळ झाली की समोरून हलणारी प्रत्येक गोष्ट त्यांना सारखीच वाटे. शेजारच्या एका गावातला दूधवाला "थांब" म्हटलेले ऐकू न आल्यामुळे त्यांच्या गोळीने गेला. वाऱ्याची दिशा उलटी होती आणि त्याचे कॅन वाजत होते.

त्या दूधवाल्यानंतर बेंडखळ्यांनी आपल्या नियमांत एक भर घातली. नाका दिसला की सगळ्यांनी उतरायचे, सायकल हातात धरायची आणि पायी चालत जायचे. चालणारा माणूस पळून जाणाऱ्यासारखा दिसत नाही. सर्वांत पुढे ते स्वतः, कारण ओळखपत्र त्यांच्याकडे आणि फौजी हिंदीही त्यांच्याकडे. या नियमात एक खोट होती आणि ती त्यांच्या लगेच लक्षात आली: सायकलींचे दिवे डायनामोचे. चाक फिरले तर दिवा, चाक मंदावले की अंधार. पायी चालणारी रांग संध्याकाळी मागून दिसणार नाही. म्हणून रांगेच्या शेवटच्या माणसाकडे दोन सेलची बॅटरी द्यायची आणि ती त्याने मागे धरायची, असे ठरले. शेवटच्या जागेसाठी त्यांनी सगळ्यांत स्थिर सायकल चालवणारे माणूस निवडले. ती पद्मजा.

पद्मजा मालवणजवळच्या एका खेड्यातली, औषधशास्त्र शिकायला विद्यापीठात आलेली. तिचे वडील विश्राम मास्तर तिला सोडायला आले तेव्हा मंडळात कोणाच्या तरी ओळखीने बेंडखळ्यांकडे उतरले होते. हा मुलूख पेटलेला आहे हे त्यांना गावातल्या प्रत्येकाने सांगितले होते. निघताना त्यांनी बेंडखळ्यांचे दोन्ही हात धरले. "तुम्ही आहात म्हणून ठेवून जातो. नाहीतर परत नेली असती."

"माझ्या नजरेखाली आहे ती," बेंडखळे म्हणाले.

तिला सायकल येत नव्हती. ती बेंडखळ्यांनी शिकवली, क्वार्टरामागच्या मैदानात, हवाई दलात रिक्रूटला शिकवावी तशी. वर्षभरात ती रांगेतली सगळ्यांत पक्की स्वार झाली. जिभेनेही तीच सगळ्यांत पुढे होती.

अठ्ठ्याऐंशीचा दसरा आला तो पुराच्या चिखलातून. महिन्यापूर्वीच पंजाबात पाण्याने हाहाकार केला होता, आणि हद्दीपलीकडच्या रस्त्यांच्या कडा अजून तुटलेल्या होत्या. दर दसऱ्याला बेंडखळ्यांची रांग सीमोल्लंघनाला जात असे. सकाळी सायकलींना हळदकुंकू आणि झेंडूचे हार, संध्याकाळी शहराची हद्द ओलांडून पलीकडच्या झाडांची पाने आणायची आणि तिथेच एकमेकांना सोने द्यायचे. आपटा इकडे मिळत नाही. कचनारची, म्हणजे आपल्या कांचनाची, पाने तशीच दुभंगलेली असतात, त्यावर भागवायचे. कचनारची चार झाडे बेंडखळ्यांच्या फाटकासमोरच उभी होती.

"काका, यंदा इथलीच तोडू या ना," पद्मजा म्हणाली. "झाडाला काय माहीत ते कोणत्या राज्यात आहे?"

"हद्दीच्या आतलं ते पान. हद्दीबाहेरचं ते सोनं."

"म्हणजे तस्करी! सोनं नेहमी सीमेपलीकडूनच येतं."

ओगले हसले. बेंडखळ्यांच्या पत्नी सरलाबाई दारातून म्हणाल्या, "अहो, पोरगी बरोबर बोलतेय. यंदा नका जाऊ. मला कसंतरीच वाटतंय."

"दिवसाउजेडी जाऊ, उजेडात येऊ," बेंडखळे म्हणाले. "एक वर्ष घाबरून घरी बसलो तर पुढच्या वर्षी कोणी निघायचं नाही."

या वाक्यात हट्ट होता, आणि थोडी शानही. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या वर्षी प्रत्येकाचेच काहीतरी असे होते जे सोडले तर पुन्हा हाती लागणार नाही असे वाटे. शीख शेजाऱ्यांनी पहाटे गुरुद्वारात जाणे सोडले नव्हते, आणि हिंदू दुकानदारांनी रामलीला सोडली नव्हती. बेंडखळ्यांनी रांग सोडली नाही.

जाताना नाक्यावर वेळ गेला. जवानांनी प्रत्येक डबा उघडायला लावला. वीणाच्या डब्यातल्या श्रीखंडात एकाने बोट बुडवून पाहिले आणि तोंड वाकडे केले. त्याला ते खराब झालेले दही वाटले. हद्दीपलीकडे पाने तोडली, सोने दिले-घेतले, वीणाने फोटो काढले. बेंडखळे घड्याळ पाहात होते आणि "चला, चला" म्हणत होते, पण सणाच्या दिवशी वडीलधाऱ्याचे "चला" कोणी मनावर घेत नाही. परतीला सूर्य झाडांत गेला होता.

नाक्याच्या अलीकडे सायकलींची पट्टी काटेरी तारेने बंद केलेली होती. जाताना नव्हती, रात्रीसाठी केली होती. त्यामुळे सगळ्यांना मोठ्या रस्त्यावर यावे लागले. नाका दिसला, बेंडखळ्यांनी हात वर केला, रांग उतरली, डायनामो विझले. शेवटी पद्मजाच्या बॅटरीचा एक पिवळा ठिपका राहिला.

त्याच क्षणी शहराच्या बाजूने आवाज सुरू झाले. परेडच्या मैदानावर रावण पेटला होता आणि त्याच्या पोटातले फटाके फुटत होते. दसऱ्याला हे होणार हे शहरातल्या लहान मुलालाही ठाऊक होते; पोत्यांमागच्या त्या जवानाला कोणी सांगितले नव्हते. तो ओरडला, "कौन है? रुको! वहीं रुको!"

"मराठी फॅमिली है, साहब," बेंडखळे दोन्ही हात दिसतील असे उभे राहून म्हणाले. "त्योहार से आ रहे हैं. आज यहीं से गए थे."

"बत्ती बंद करो! पीछे वाली बत्ती! बंद करो, नहीं तो गोली मार दूँगा!"

त्याचा आवाज फाटला होता. रांगेत सगळे गोठून उभे होते. मागून पद्मजाने विचारले, मोठ्याने, पण न घाबरता, "काका, बंद करू?"

बेंडखळ्यांच्या डोळ्यांपुढे तो दूधवाला आला. बंदुकीची नळी रांगेवर फिरत होती. मागचा रस्ता रिकामा होता. त्यांनी वळून पाहिले होते, तिथे एकही दिवा दिसत नव्हता.

"कर," ते म्हणाले.

तिने बॅटरी बंद केली.

मागचा रस्ता रिकामा नव्हता. सुरक्षा दलाचीच एक जीप त्या रस्त्याने येत होती, दिवे न लावता, भरधाव. पंजाबातल्या संध्याकाळी दिव्यांसकट येणारी जीप निशाण्यावर असते, म्हणून चालक दिवे मालवून गाडी हाकत. ती पद्धत होती. प्रत्येकाकडे आपला जीव वाचवायची एकेक पद्धत होती आणि त्या सगळ्या पद्धती त्या शंभर फुटांत एकमेकींना भेटल्या. जीपने ब्रेक लावल्याचा आवाज आला तो धडकेनंतर. ओगले बाजूला फेकले गेले आणि त्यांचे मनगट मोडले. पद्मजा जीपच्या पुढच्या चाकाखाली होती. तिला त्याच जीपमध्ये घालून इस्पितळात नेले. बेंडखळे तिचे डोके मांडीवर धरून बसले होते. इस्पितळाच्या फाटकाशी पोचण्याआधी त्यांना कळले होते. तरी उतरेपर्यंत त्यांनी ते डोके तसेच धरून ठेवले.

तारेने बातमी गेली. विश्राम मास्तर चौथ्या दिवशी पोचले. अग्नी देऊन झाल्यावर ते बेंडखळ्यांच्या क्वार्टरात बाहेरच्या खोलीत बसून राहिले. रडले नाहीत. त्यांनी एकच गोष्ट विचारली. "इस्पितळात एक पोलीस म्हणाला, तुमची मुलगी अंधारात बत्तीशिवाय रस्त्याच्या मधोमध उभी होती. असं का उभी होती ती? ती वेंधळी नव्हती."

"नव्हती," बेंडखळे म्हणाले. "चौकशी लागलीय. तिथे सगळं सांगतो. सगळेच सांगतील."

दुसरे काही मिळण्याजोगे राहिलेच नव्हते. भरपाई कोणी मागितली नव्हती, शिक्षा कोणाला होणार नव्हती. इतकेच व्हायचे होते की ती बत्ती तिने कोणाच्या हुकमाने मालवली ते उघडपणे म्हटले जावे. त्यासाठी बेंडखळ्यांना सोबत एक आवाज हवा होता. आठ माणसे तिथे उभी होती.

ते ओगल्यांकडे गेले. ओगल्यांचा हात प्लास्टरात होता. "काका, मी कळवळून पडलो होतो. मला काहीच आठवत नाही."

"आरडाओरड पडण्याआधीची आहे, ओगले."

"बेंडखळेसाहेब, आपण इथे परके आहोत. माझी दोन मुलं इथल्या शाळेत जातात. उद्या कोणी म्हणालं की ह्या लोकांनी सुरक्षा दलाविरुद्ध साक्ष दिली, म्हणजे हे कोणाच्या बाजूचे? ह्या दिवसांत मधली बाजू राहिलेली नाही."

"मी बाजू मागत नाही. कानावर पडलेलं वाक्य मागतोय."

"तेच तर," ओगले म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

वीणा स्वतः आली. सरलाबाईंनी दिलेला चहा तिने घेतला नाही. "काका, मी ऐकलं. प्रत्येक शब्द ऐकला. गोळी घालीन म्हणाला तेही. पण मी ते कुठे म्हणणार नाही. ह्यांचं नाव पुढच्या बढतीच्या यादीत आहे. मी तुम्हाला खोटं सांगायला आले नाही, एवढंच."

"मग कशाला आलीस?" सरलाबाई म्हणाल्या.

"माहीत नाही." ती रडायला लागली. "पद्मा मला ताई म्हणायची."

"मग तिच्यासाठी बोल की."

ती उठून गेली. बाकीच्यांपैकी दोघे रजा घेऊन गावी निघून गेले होते. एकाने दार उघडले नाही. उरलेल्यांनी दार उघडून बसायला सांगितले, गहिवरून आठवणी काढल्या आणि शेवटी तेच सांगितले. सुशिक्षित माणसांच्या भित्रेपणाला कारणांची कधी वाण पडत नाही. अडाणी माणूस नुसता पळतो; आपण पळताना कारण देतो.

चौकशी एका लांबट खोलीत झाली. चौकशी अधिकारी सभ्य होता, थकलेला होता, त्याच्यापुढे अशा बऱ्याच फायली होत्या. नाक्यावरचा जवान बदलून दुसरीकडे गेला होता. त्याच्या वरिष्ठाने सांगितले की बत्तीबद्दल कोणताही हुकूम दिला गेला नव्हता. ओगल्यांनी सांगितले, आठवत नाही. वीणाने सांगितले, फटाक्यांच्या आवाजात स्पष्ट ऐकू आले नाही.

मग बेंडखळे उभे राहिले. त्यांनी नाक्यापासून सुरुवात केली. तार, उतरण्याचा नियम, डायनामो, बॅटरी, रावण, जवानाचा आवाज, जीपचे विझलेले दिवे, सगळे क्रमाने सांगितले. अधिकारी ऐकत होता. मग त्याने विचारले, "बत्ती लड़की ने ख़ुद बंद की?"

"जवान के हुक्म से, साहब."

"वो हुक्म और किसी ने सुना नहीं है. मैं यह पूछ रहा हूँ: जवान के चिल्लाते ही उसने बंद कर दी?"

इथे "हो" म्हणून मोकळे होता आले असते. मागच्या बाकावर विश्राम मास्तर बसलेले होते.

"नहीं साहब. उसने मुझसे पूछा. मैंने कहा, बंद कर."

अधिकाऱ्याने लिहिणाऱ्याकडे पाहिले, आणि लिहिणाऱ्याची लेखणी प्रथमच घाईने चालू लागली. बेंडखळ्यांना कळले की त्यांच्या एवढ्या लांब निवेदनातून या खोलीला हवे होते ते वाक्य तिला मिळाले. निष्कर्ष पुढे आला तो असा: सहलीच्या प्रमुखाच्या सूचनेवरून सायकलस्वारांनी रस्त्यावर दिवे मालवले, त्यामुळे अपघात, चालकाचा दोष नाही. हुकमाचा उल्लेख नव्हता. जीपच्या दिव्यांचाही नव्हता. खरे बोलणारा एकच माणूस असला की त्याच्या खरेपणाचा उपयोग असा होतो.

विश्राम मास्तर अस्थी घेऊन निघायच्या तयारीत होते. बेंडखळे त्यांच्यासमोर उभे राहिले. मास्तरांनी अस्थींचे गाठोडे खाली ठेवले. मग म्हणाले, "तेवढं एक वाक्य तुम्ही गाळलं असतंत तर?"

"तर तिने आपल्या मनाने बंद केली असं झालं असतं. तिचा दोष झाला असता."

"आता तुमचा झाला."

"हो."

"माझ्याने हे घरी सांगवणार नाही," मास्तर म्हणाले. "मी तिच्या आईला काय सांगू, आणि ती ते कसं ऐकेल? तुम्ही चला. तुमच्या तोंडून ऐकू दे तिला."

सरलाबाईंनी पतीच्या पिशवीत दोन कपडे भरले.

दिल्ली, मुंबई, मग एस.टी. दोघे एकमेकांच्या बाजूला बसले होते आणि वाटेत फारसे बोलणे झाले नाही. एकदा रात्रीच्या गाडीत मास्तरांना झोप लागली आणि त्यांचे डोके बेंडखळ्यांच्या खांद्यावर आले; बेंडखळे सकाळपर्यंत हलले नाहीत. गावात पोचले तेव्हा अंगणात माणसे होती. मास्तरांनी सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितले आणि पत्नीला हाक मारली. "प्रभा, हे बेंडखळे. हे तुला सांगायला आलेत."

प्रभावतीबाई ओसरीच्या खांबाला टेकून बसल्या. बेंडखळे अंगणातच उभे राहिले आणि त्यांनी पुन्हा सगळे सांगितले, नाक्यापासून. काही सोडले नाही. मुलीने विचारलेले "काका, बंद करू?" सांगितले आणि आपण दिलेले उत्तर सांगितले. सांगून झाल्यावर ते मान खाली घालून वाट पाहात राहिले: शिव्यांची, आक्रोशाची, दाराची.

"म्हणजे तिने आधी विचारलं," प्रभावतीबाई म्हणाल्या.

"हो."

"आणि तुम्ही सांगितलं तसं केलं."

"हो."

बाईंनी पदर तोंडाशी धरला. बराच वेळ त्यांच्या खांद्यांशिवाय काही हलले नाही. मग त्यांचा आवाज आला, कोरडा.

"घरात कध्धी कुणाचं ऐकलं नाही हो तिनं. मी म्हटलं, एवढ्या लांब जाऊ नको, तर ऐकलं नाही. तुमचं कसं ऐकलं?"

बेंडखळ्यांना कोणी बसायला सांगितले नाही आणि कोणी जायलाही सांगितले नाही. अंगणातली माणसे हळूहळू पांगली. मास्तर अस्थींचे गाठोडे घेऊन आत गेले. बेंडखळे तसेच उभे होते, प्रभावतीबाई तशाच बसल्या होत्या, आणि त्या पुन्हा पुन्हा, जणू त्यांच्याकडूनच शिकून घ्यायचे आहे अशा सुरात, विचारत होत्या, "सांगा ना. तुमचं कसं ऐकलं?"